चार फुटांच्या फळीवर मालधक्का: कमी बजेटमध्ये मॉडेल रेल्वे लेआउट कसा आखायचा?

मॉडेल रेल्वेचे व्हिडिओ पाहून झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, दहा-पंधरा हजारांत होतं का हो असलं काही?"

होतं. पण त्यासाठी सगळ्यात आधी गोल रुळाचा नाद सोडावा लागतो.

बहुतेक जण काय करतात, तर आठ बाय चार फुटांचा प्लायवूड आणतात, त्यावर लंबगोल ट्रॅक टाकतात, गाडी फिरवतात. पहिल्या दिवशी घरातले सगळे बघायला येतात. चौथ्या दिवशी गाडी गोल-गोल फिरताना बघायला चालवणाराच उरतो, आणि पंधराव्या दिवशी फळीवर इस्त्रीचे कपडे येतात. कौशल्य कमी पडलेलं नसतं. त्या गाडीला काही कामच दिलेलं नसतं. म्हणून पैसे मोजके असतील तर मी आधी एकच गोष्ट ठरवायला सांगतो : तुमचं इंजिन रोज काय काम करणार? उत्तर मिळालं की जागा, रूळ, वायरी, खर्च हे सगळं त्यातून आपोआप निघत जातं. या लेखात मी माझ्या चार बाय एक फुटाच्या मालधक्क्याचा हिशोब देतोय. तुमचं स्टेशन वेगळं असेल, आखणीची पद्धत हीच राहील.

स्केल म्हणजे काय, आणि आपली एक्सप्रेस खोलीत का मावत नाही

खरी गाडी किती पटीने लहान केली, ते प्रमाण म्हणजे स्केल. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. जगात सगळ्यात जास्त चालणारं स्केल एचओ, म्हणजे १:८७, आणि त्याच्या रुळाचं गेज १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान एन स्केल, १:१६०, गेज ९ मिलिमीटर. ब्रिटिश कंपन्यांचं ओओ स्केल १:७६ असतं, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे, त्यामुळे एचओ आणि ओओ गाड्या एकाच ट्रॅकवर धावतात. जुनं सामान विकत घेताना ही माहिती उपयोगी पडते.

आता थोडं गणित करू. आपल्या एलएचबी डब्याची लांबी जवळपास २४ मीटर. भागिले ८७ केलं की एचओमध्ये एक डबा साधारण साडेसत्तावीस सेंटिमीटर येतो. अशा २२ डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते, तीही इंजिन न धरता. दहा बाय बारा फुटांची खोली ३.०५ बाय ३.६६ मीटरची. म्हणजे गाडीचं तोंड खिडकीत आणि शेपूट जिन्यात! एन स्केल घेतलं तरी तीच गाडी ३.३ मीटर. स्केल बदलून हा प्रश्न सुटत नाही, काम बदलून सुटतो.

वळणाचंही तसंच आहे. एचओमध्ये लहान इंजिनं आणि छोट्या वाघिणी १५ ते १८ इंच त्रिज्येच्या वळणावर जातात. १८ इंच त्रिज्येचा गोल म्हणजे व्यासच ३६ इंच, दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरली की ४० इंच रुंदी. वन बीएचकेमध्ये ४० इंच रुंद टेबल कायमचं कुठे ठेवणार? सरळ फळीला मात्र एक फूट रुंदी पुरते, आणि ती कपाटामागे उभीसुद्धा राहते.

जाता जाता एक गंमत. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. पण बाजारातला तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून ठरलाय. म्हणजे एचओमधली प्रत्येक भारतीय गाडी जरा अरुंद रुळावर उभी असते. बाजूने पाहिलं तर कळत नाही, समोरून फोटो काढला की दिसतं. कमी बजेटमध्ये यावर झोप उडवून घेऊ नका.

एन घ्यावं की एचओ?

जागा कमी म्हणून एन स्वस्त पडेल असं वाटतं. इंजिनाच्या किमतीत तसा काही मोठा फरक पडत नाही. उलट अडचण अशी की एन स्केलमध्ये घरी वाघीण बनवायची तर ती जेमतेम पाच सेंटिमीटरची, आणि कार्डशीट कापताना अर्ध्या मिलिमीटरची चूकही डोळ्याला खटकते. एचओमध्ये हाताला थोडी सवलत मिळते. वस्तू घरी बनवून पैसे वाचवायचे असतील तर माझं मत एचओला.

याला एक सुंदर अपवाद आहे. नेरळ-माथेरानची दोन फुटी लाइन १९०७ साली सुरू झाली. अशा नॅरोगेज लाइनसाठी मॉडेलवाले एक युक्ती वापरतात : एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ आणि एनच्याच इंजिनाचा सांगाडा घ्यायचा, आणि त्यावर मोठ्या स्केलची बॉडी चढवायची. नॅरोगेजची वळणं मुळातच तीव्र, गाड्या छोट्या, त्यामुळे दोन फुटांच्या फळीतही वळण बसतं. ज्याला वळणाशिवाय करमतच नाही, त्याने याचा विचार करावा. पण तयार बॉडी मिळणं अवघड, म्हणून पहिल्या लेआउटसाठी मी हे सुचवत नाही.

पैसे नेमके कुठे जातात

आपल्याकडे चांगली मॉडेल इंजिनं बहुतेक आयात केलेली असतात, आणि आयात शुल्काच्या कोष्टकात ती खेळण्यांच्याच गटात मोडतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. वर जीएसटी. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्यामुळे परदेशी वेबसाइटवरची किंमत नुसती रुपयांत बदलून "अरे, स्वस्त आहे की" असं म्हणू नका. दुकानदार जो भाव सांगतो, त्यात हे सगळं आलेलं असतं. स्वतः पार्सल मागवणार असाल तर शुल्क आणि कुरिअरचा हाताळणी आकार किती लागेल, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

माझ्या वहीतला हिशोब असा होता. सहा चाकी छोटं डिझेल शंटिंग इंजिन ६,५०० रुपये. दोन मीटरच्या आसपास रूळ आणि दोन सांधे ३,४००. पाच वाघिणी २,८००, त्यातल्या दोन विकत घेतलेल्या आणि तीन घरी बनवलेल्या, ज्यांची फक्त चाकं नि कपलर बाहेरून आणले. इलेक्ट्रॉनिक्स १,१००. फळी आणि खालच्या पट्ट्या ७००. देखाव्याचं सामान ५००. एकूण १५,०००. तुमच्या गावात, तुमच्या महिन्यात हे आकडे हलतील, पण प्रमाण फारसं हलत नाही : चाळीस-पंचेचाळीस टक्के एकट्या इंजिनात जातात. म्हणून इंजिन एकच, पण चांगलं. दोन हजारांत दोन खडखडणारी इंजिनं घेण्यापेक्षा तीन महिने थांबा.

बॅटरीवरच्या खेळण्यातल्या रेल्वेतून सुरुवात करावी का, असंही विचारतात. त्यात इंजिनाला एकच वेग असतो, हळू पुढे नेऊन वाघिणीला अलगद टेकवणं जमत नाही. आणि आपल्या लेआउटचा सगळा जीव त्या हळू चालण्यात आहे.

इंजिनाला काम : पाच-तीन-तीनचं कोडं

ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराने एक आखणी लोकप्रिय केली, तिचं नाव इंगलनूक. जगभरातले जागा नसलेले लोक तिच्यावर वर्षानुवर्षं खेळतात. दोन सांधे, तीन सायडिंग. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत प्रत्येकी तीन. तिन्ही सायडिंग जिथे एकत्र येतात त्या पलीकडच्या रुळावर, म्हणजे शंटिंग नेकवर, इंजिन अधिक तीन वाघिणी. बस्स.

खेळ असा. एकूण आठ वाघिणी. सुरुवातीला पाच लांब सायडिंगमध्ये, तीन एका छोट्या सायडिंगमध्ये, तिसरी रिकामी. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या. ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या, त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमध्ये लावायची. वाघीण हाताने उचलायची नाही, सगळं इंजिनानेच ओढायचं, ढकलायचं. सोपं वाटतं ना? आठातून पाच वाघिणी क्रमाने निवडायच्या वेगवेगळ्या रीती ६,७२० होतात. रोज एक डाव खेळलात तरी अठरा वर्षं तोच डाव परत यायची गरज नाही.

बजेटमध्ये एकदम आठ वाघिणी बसत नसतील तर याचीच छोटी आवृत्ती आहे, तीन-दोन-दोन. पाच वाघिणी, त्यातल्या तिघांची गाडी लावायची, नेकवर इंजिन अधिक दोन. इथे क्रम ६० होतात. मी फळी मोठ्या आवृत्तीची केली आणि सुरुवातीला रुळाच्या कडेला खडूने खुणा केल्या, की यापलीकडे जायचं नाही. वाघिणी वाढल्या की खडू पुसायचा. रूळ उचकटून परत टाकावे लागत नाहीत, हा फायदा.

आता मापं. जुन्या चारचाकी वाघिणी साधारण ७-८ मीटरच्या, एचओमध्ये कपलरसकट ९ सेंटिमीटर धरा. छोटं इंजिन १४ सेंटिमीटर. नेक : १४ अधिक २७, झाले ४१, एक सेंटिमीटर सोडून ४२. पहिला सांधा १७ सेंटिमीटर. त्यानंतर लांब सायडिंग : पाच वाघिणींचे ४५, आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासू नये म्हणून सांध्याजवळ सोडायची ८ सेंटिमीटर जागा, एकूण ५३. दुसऱ्या बाजूला दुसरा सांधा १७, अधिक ८, अधिक तीन वाघिणींचे २७, म्हणजे ५२. दोन्हींत मोठा आकडा ५३. बेरीज ४२ + १७ + ५३ = ११२ सेंटिमीटर. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना बफर लावायला जागा उरते. रुंदीत तीन रूळ पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर घेतले तरी अर्धी फळी मोकळी राहते, तिथे मालधक्क्याची शेड आणि ट्रक उभे करायचा रस्ता.

तुम्हाला आजची मालगाडीच हवी असेल, तर बॉक्सएन वाघीण कपलरसकट १०.७ मीटर, म्हणजे एचओमध्ये १२.३ सेंटिमीटर. डब्ल्यूडीएम-२ इंजिन १७.१ मीटर, म्हणजे जवळपास २० सेंटिमीटर. हेच गणित पुन्हा करा, १४३-१४४ सेंटिमीटर येतात. फळी पाच फुटांची लागेल. फळीचा खर्च किरकोळ वाढेल, इंजिन आणि वाघिणींचा बराच.

एक रुपयाही खर्च करण्याआधी

हा टप्पा लोक टाळतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आखणी कागदावर खऱ्या मापात छापा. कॉम्प्युटर हाताशी असेल तर एक्सट्रॅककॅड पूर्ण मोफत आहे. एनीरेलच्या मोफत आवृत्तीत ५० तुकड्यांपर्यंत ट्रॅक मांडता येतो, आपल्याला तेवढे लागतही नाहीत. या प्रोग्रॅममध्ये कंपन्यांच्या सांध्यांची अचूक मापं आधीच भरलेली असतात, त्यामुळे "बसेल बहुतेक" हा प्रकार राहत नाही. फक्त फोनच असेल तर आलेखाचा कागद आणि पट्टी घ्या. पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात पाठवताना "१०० टक्के साइज, फिट टू पेज नको" हे दोनदा सांगा. पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची रेघ आधीच काढून ठेवा आणि प्रिंट हातात आल्यावर ती पट्टीने मोजा. साडेनऊ भरली तर प्रिंट परत.

फोनमधल्या कॅमेऱ्याने अंतर मोजणाऱ्या ॲपवर मात्र फळी कापू नका. खोलीचा अंदाज घ्यायला ती ठीक, पण एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात आणि आपल्या नेकमध्ये एकच सेंटिमीटर शिल्लक आहे. सुताराचा टेप वापरा.

कागद टेबलावर चिकटवा. पुठ्ठ्याचे ९ सेंटिमीटरचे आठ तुकडे कापा, त्यावर नंबर टाका, १४ सेंटिमीटरचं एक इंजिन कापा, आणि आठवडाभर बोटांनी खेळा. नेक लहान पडतोय का, कोणत्या सायडिंगपर्यंत हात पोचत नाही, शेड मध्ये येते का, हे सगळं इथेच कळतं. आणि समजा चौथ्या दिवशी कंटाळा आलाच, तर तुमचे पन्नासेक रुपयेच गेले. हे कळणं पंधरा हजारांच्या आधी झालेलं बरं.

फळी

१२ मिलिमीटर प्लायवूडचा चार बाय एकचा तुकडा सुताराकडे उरलेल्यातून मिळतो. खालून दोन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या मारून घ्या, नाहीतर पावसाळ्यात फळी वाकते आणि त्याबरोबर रूळही. फोनमधलं लेव्हल ॲप फळीवर ठेवून बघा. चांगली चाकं इतकी हलकी फिरतात की थोड्याशा उतारावरही वाघीण आपली आपण निघून जाते.

रुळाखाली कॉर्कऐवजी स्टेशनरीच्या दुकानातलं ३ मिलिमीटरचं फोमशीट चालतं, आवाज कमी होतो. उंचसखल भाग करायला पॅकिंगचा थर्माकोल फुकट मिळतो, पण तो फेविकॉलनेच चिकटवा. तीव्र वासाचे सोल्युशनसारखे गम थर्माकोल खाऊन टाकतात.

वीज : मोबाइलवरून इंजिन चालवणं

मॉडेल रेल्वे चालवायच्या दोन पद्धती आहेत. डीसीमध्ये रुळात जेवढा व्होल्टेज, तेवढा इंजिनाचा वेग, आणि प्लस-मायनस उलटं केलं की इंजिन मागे. डीसीसीमध्ये रुळात सतत वीज असते आणि तिच्यातूनच डिजिटल आदेश जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर चिप, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. आपल्याकडे इंजिन एक. डीसीसीचे पैसे आज कशाला घालवायचे? पुढे हवंच झालं तर डीसीसी-ईएक्स नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, त्यात आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्डवर स्वतःचं कमांड स्टेशन बनवता येतं आणि अँड्रॉइडवरच्या इंजिन ड्रायव्हर ॲपने चालवता येतं. आज आपण डीसीत राहू, पण हँडल म्हणून फोनच वापरू.

सामान थोडकं : ईएसपी३२ बोर्ड, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, १२ व्होल्ट २ अँपिअरचा तयार ॲडॉप्टर, एक अँपिअरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, थोड्या वायरी. ईएसपी३२ स्वतःचं वायफाय उघडतो. फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, त्यावर एक स्लाइडर आणि पुढे-मागेचं बटण. स्लाइडर सरकवला की ईएसपी३२ ड्रायव्हरला पीडब्ल्यूएम सिग्नल देतो. पीडब्ल्यूएम म्हणजे वीज एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करणं. चालू राहण्याचा वेळ जास्त, तर वेग जास्त. हा वेग २० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवला की मोटरची शिट्टी कानाला ऐकू येत नाही.

एल२९८एन जुना आहे, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे १२ पैकी १० व्होल्टच रुळात पोचतात. एक्सप्रेस पळवायची असती तर ही तक्रार होती. शंटिंगला सहा-सात व्होल्टच्या वर जायची वेळच येत नाही. ईएसपी३२ला मोबाइल चार्जरवरून वेगळी वीज द्या, दोन्हींचा ग्राउंड मात्र एकमेकांना जोडा. २३० व्होल्टला हात लावायचा प्रश्न कुठेच येत नाही, आणि येऊ देऊ नका. ॲडॉप्टर तयार, बीआयएस खुणेचा घ्या. फ्यूज वगळू नका, कारण स्क्रूड्रायव्हर रुळावर पडला की शॉर्ट होतोच.

रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका. जुन्या लॅन केबलमधली तांब्याची बारीक तार प्रत्येक तुकड्याला खालून सोल्डर करा आणि ती खालच्या दोन जाड वायरींना जोडा. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्यानंतर "गाडी इथेच का थांबते?" हा प्रश्न उरत नाही.

सांध्याच्या बाबतीत एक निवड करावी लागते. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या व्ही आकाराच्या भागाला फ्रॉग म्हणतात. तो प्लॅस्टिकचा असेल तर वायरिंग सोपं, पण त्यावरून जाताना क्षणभर त्या चाकाची वीज तुटते. चार चाकी इंजिन हळू चालत असेल तर तिथे हमखास अडतं. धातूचा असेल तर इंजिन अडत नाही, पण सांधा बदलताना फ्रॉगची वीजही बदलावी लागते. त्यासाठी एक छोटा स्विच आणि थोडी डोकेफोड. माझा सल्ला : प्लॅस्टिक फ्रॉग घ्या, आणि इंजिन सहाही चाकांतून वीज घेणारं निवडा. सांधे हलवायला मोटर लागत नाही. सायकलचा स्पोक वाकवून फळीच्या कडेपर्यंत आणला की हाताने ओढता येतो, आणि खरं सांगू? सांधेवाल्यासारखा तो दांडा ओढण्यात बटण दाबण्यापेक्षा जास्त मजा आहे.

वाघिणी घरी बनवताना

३०० जीएसएम कार्डशीटचे दोन थर फेविकॉलने एकावर एक चिकटवले की चांगली बॉडी होते. खऱ्या वाघिणीचे फोटो समोरासमोर उभं राहून काढा, तिरपे नकोत. त्यांची मापं ८७ ने भागा आणि प्रिंट करा. रेल्वेच्या आवारात शिरून नव्हे, फाटकाबाहेरून किंवा प्लॅटफॉर्मवरून.

कार्डची वाघीण हलकी असते आणि हलकी वाघीण ढकलताना घसरते. अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेचा एचओसाठीचा ठोकताळा आहे : मूळ २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. आपल्या ९ सेंटिमीटरच्या वाघिणीला ७५ ते ८० ग्रॅम येतात. आत लोखंडी नट-वॉशर चिकटवा, किचनच्या काट्यावर तोला. सगळ्या वाघिणी सारख्या वजनाच्या असल्या की मागून ढकलतानाही रुळावर राहतात.

कपलर सगळ्यांना एकाच जातीचे लावा. चुंबकाने आपोआप सुटणारे असतात, पण बांबूची बारीक काडी कपलरमध्ये घालून फिरवली की तेच काम फुकटात होतं.

माती, खडी आणि चुंबक

अंगणातली माती चाळून, उन्हात कडक वाळवून वापरा. पण आधी तिच्यावरून चुंबक फिरवा. आपला दख्खनचा काळा दगड लोहयुक्त आहे, त्याच्या चुऱ्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबकच असतो, कण आत गेले की साडेसहा हजार रुपये धोक्यात. खडीसाठी चाळलेली बारीक वाळू, तिच्यावर आधी पाण्याचा फवारा, मग फेविकॉल-पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने. तो थेंब नसेल तर मिश्रण खडीवर मोत्यासारखं गोळा होतं आणि आत झिरपत नाही. सांध्याच्या हलणाऱ्या भागात फेविकॉल जाऊ देऊ नका.

मागचं आकाश आणि डोंगर तुमच्याच फोनच्या फोटोतून, फ्लेक्सवाल्याकडे मॅट कागदावर छापून.

जुनं सामान घेताना

मॉडेल रेल्वेवाल्यांच्या ग्रुपवर वापरलेली इंजिनं निघतात, आणि पैसे वाचवायचा हा सगळ्यात मोठा मार्ग आहे. फोटोवर जाऊ नका. इंजिन अगदी हळू, एक फूटभर पुढे आणि एक फूटभर मागे जाताना असा सलग व्हिडिओ मागा, त्यात त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी दिसली पाहिजे. जोरात तर खराब इंजिनही पळतं, हळू चालवलं की दोष दिसतो. "आधी पूर्ण यूपीआय करा, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय" असं कोणी म्हटलं तर तो दुसरा गिऱ्हाईक सुखी राहो. शक्य असेल तर स्वतः जाऊन घ्या.

खरेदीआधी एकदा मोठं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून सुरू. तिथे गेलात तर गाड्यांपेक्षा रूळ कसे टाकलेत, सांधे कुठे आहेत, याकडे जास्त लक्ष द्या.

फोनचा आणखी उपयोग

एखादी वाघीण एकाच सांध्यावर वारंवार उतरत असेल तर स्लो मोशनमध्ये जवळून शूट करा. कोणतं चाक आधी चढतं ते एका व्हिडिओत दिसतं, बोटांनी चाचपडत बसावं लागत नाही. फोटो काढताना फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंग फळीला जवळजवळ टेकतात. एचओमध्ये माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं की चार फुटांची फळी खऱ्या यार्डासारखी लांबलचक दिसते.

पहिल्या महिन्यात कागद आणि फळी, दुसऱ्यात रूळ आणि सांधे, तिसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स, आणि इंजिनाचे पैसे साठतील तेव्हा इंजिन. त्याबरोबर दोन तयार वाघिणी, आणि कार्डच्या वाघिणी मधल्या रिकाम्या रविवारी. पावसाळ्यात फळीवर प्लॅस्टिक टाकून ठेवा. रूळ महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात. चिठ्ठ्या हरवल्या तर फोनवर रँडम नंबर काढायला कुठलंही ॲप चालतं, पण आमच्याकडे अजून बाटलीच्या झाकणात ठेवलेल्या आठ चिठ्ठ्याच वापरतात, आणि त्या उचलायचा हक्क धाकट्या बहिणीकडे आहे.